शेणाच्या रिअ‍ॅक्टरचा गॅस निम्म्यावर आलाय, पीएच मात्र एकदम छान दाखवतोय, काय चुकतंय?

गोठ्यामागे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण खरंच अडकलोय. आमच्याकडे गुरांच्या शेणावर चालणारा ४० घनमीटरचा गोबरगॅसचा रिअ‍ॅक्टर आहे, ढवळणीवाला, गरम पाण्याची नळी आत फिरवलेली, तापमान ३७-३८ अंशावर धरतो. रोज साधारण ७०० किलो ताजं शेण आणि ६०० लिटर पाणी-गोमूत्र मिळून शेणकाला करून आत सोडायचा, तेवढीच स्लरी पलीकडून बाहेर. हे सगळं दोन वर्षं अगदी सुरळीत चाललं, रोज २५ घनमीटरच्या आसपास गॅस, ज्योत निळी, तक्रारीला जागा नव्हती.

दीड महिन्यापूर्वी कोंबडखत मिळायला लागलं, पिंजऱ्याखालचं, त्यात भुसा वगैरे जास्त नाही. सगळे म्हणाले कोंबडखतात गॅस जास्त, म्हणून रोज १५० किलो शेणाबरोबरच कालवून द्यायला लागलो. पहिला आठवडा-दहा दिवस गॅस खरोखर वाढला, ३० च्या वर गेला. मग हळूहळू उतरायला लागला आणि आता १३-१४ वर आलाय. स्लरीचा वास बदललाय, आंबूस म्हणा किंवा उग्र म्हणा, डोळ्याला झोंबतो. आणि गंमत अशी वाटते की पीएच रोज मोजतो तर ७.९ येतोय, म्हणजे आंबट झालेला नाहीच. वर सायीचा थरही जाड धरलाय बहुतेक, ढवळणीची मोटर जड चालते. गॅस गळतोय का, मोटर बदलायची का, का सगळं उपसून नव्याने सुरुवात करायची? प्लीज कुणीतरी सांगा, गेले पंधरा दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

साबणपाणी

आधी गळती बघा दादा. मीटरच्या आधी गळत असेल तर रिअ‍ॅक्टर बिचारा नीट काम करतोय आणि आपण त्याला औषध देत बसतो. प्रत्येक जोडाला, व्हॉल्व्हला, झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येतोय का बघा. काडी पेटवून बघू नका कुणाचं ऐकून. आणि दुसरं, नळीत पाणी साठलंय का? गॅस टाकीतून बाहेर येताना वाफेने भरलेला असतो, नळीत थंड झाला की पाणी सुटतं आणि सखल भागात साठून वाट अडवतं. नळीला उतार आणि उताराच्या टोकाला पाण्याचा सापळा आहे ना?

गोठ्यामागे

दोन्ही बघितलं. सापळ्यातून पाणी काढलं, अर्धी बादली निघालं पण गॅसमध्ये फरक नाही. साबणपाणी लावलं, एका व्हॉल्व्हला बारीक गळती होती ती बंद केली, तिथून रोज १० घनमीटर जाणं शक्य नाही. तापमापीही दुसरी लावून तपासली, ३८ च आहे.

जुनाहौद

माझ्याकडे बरोब्बर असंच झालं होतं. गॅस उतरला, वास आंबट. चुना टाकला, आठवड्यात पूर्ववत. पाण्यात कालवून थोडा थोडा टाका, आम्ल मरतं. एवढं सोपं आहे.

प्रयोगवही

थांबा, चुना टाकू नका. अजून टाकला नसेल तर हात जोडून सांगतो, टाकू नका.

जुनाहौद यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांचा आजार वेगळा असणार. आंबट झालेल्या रिअ‍ॅक्टरचा पीएच ६.५ च्या खाली गेलेला असतो, तिथे चुना किंवा त्यापेक्षा चांगला म्हणजे खाण्याचा सोडा वेळ मारून नेतो. इथे पीएच ७.९ आहे. दिसायला लक्षणं सारखी, गॅस कमी, वास उग्र, पण कारण बहुतेक अमोनिया आहे, आणि अमोनियाच्या आजारात चुना म्हणजे आगीत तेल.

सविस्तर सांगतो. कोंबडीच्या विष्ठेत नायट्रोजन भरपूर आणि तो मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात, कारण पक्षी मूत्र वेगळं टाकत नाहीत. हे युरिक आम्ल रिअ‍ॅक्टरमध्ये भराभर फुटून अमोनिया होतं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० ते ३० च्या दरम्यान असलं तर पचन सुखात चालतं, गाईच्या शेणाचं त्याच्या आसपास किंवा जरा खाली असतं, कोंबडखताचं १० च्याही खाली जातं. आता पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम, ते फारसं त्रास देत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, तो पेशीच्या भिंतीतून सरळ आत शिरतो आणि मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा वायू, करणाऱ्या जीवांना मारक ठरतो. दोघांत कोण किती हे ठरवतं पीएच आणि तापमान. ३५ अंशाला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूणच्या जेमतेम १ टक्का. पीएच ८ झाला की तोच १० टक्के. एका अंकाने दहापट. म्हणून चुना टाकून पीएच ८.३ ला नेलात तर जे थोडे जीव तग धरून आहेत तेही जातील.

शिवाय चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, दाब एकदम पडतो, आणि पाण्याच्या सीलमधून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. ते वेगळंच संकट.

जुनाहौद

बरोबर आहे, माझा तेव्हा ६.३ का ६.२ होता. उष्ट्या धान्याचा भरडा एकदम जास्त पडला होता. कोंबडखत मी कधी वापरलंच नाही. गोठ्यामागे, माझा सल्ला मागे घेतो.

नवाभिडू

माझी शंका अगदी बेसिक आहे, रागावू नका. पीएच चांगला असेल तर आम्ल नाही, मग आंबूस वास कसला? आणि प्रयोगवही म्हणतात जीव मरतील, मग गॅस पूर्ण बंद का झाला नाही, निम्म्यावर येऊन थांबलाय कसा?

प्रयोगवही

शंका बेसिक नाही, मुद्द्याचीच आहे.

आम्ल आहे. भरपूर आहे. पण अमोनिया स्वतः अल्कली, त्यामुळे पाण्याची आम्ल पेलायची ताकद इतकी वाढलेली असते की पीएच फारसा हलत नाही. पीएच मीटर फक्त शेवटची बेरीज दाखवतो, खाली दोन मोठ्या रकमा एकमेकींना खातायत हे त्याला दिसत नाही. म्हणून शेणावरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पीएच हा फार उशिरा बोलणारा साक्षीदार आहे, मी तर म्हणेन एकट्या पीएचवर विसंबूच नये.

आणि निम्म्यावर थांबण्याचं कारण फार सुंदर आहे. मुक्त अमोनियाने मिथेनवाल्यांची गती मंदावली, त्यामुळे त्यांचं खाणं म्हणजे अ‍ॅसिटिक वगैरे आम्लं साठायला लागली, आम्लं साठली म्हणून पीएच थोडा खाली आला, पीएच खाली आला म्हणून मुक्त अमोनिया कमी झाला, आणि तिथे तोल सांभाळला गेला. रिअ‍ॅक्टर मेलेला नसतो, पण अर्ध्या ताकदीवर वर्षानुवर्षं असाच चालू शकतो. कित्येकांना वाटतं आपल्या टाकीची एवढीच कुवत.

गोठ्यामागे, दोन तपासण्या करून घ्या. एक, एकूण अमोनिया नायट्रोजन. दुसरी, आम्ल आणि अल्कलीचं गुणोत्तर, म्हणजे गाळलेल्या स्लरीत मोजून आम्ल टाकत आधी पीएच ५ पर्यंत आणायचा आणि मग ४.४ पर्यंत, पहिल्या टप्प्याला किती लागलं आणि दुसऱ्याला किती यावरून दोन आकडे निघतात. प्रयोगशाळा नसली तरी ब्युरेट (मोजून थेंब थेंब सोडायची काचेची नळी) आणि पीएच मीटर असेल तर घरी जमतं, माझ्या वहीत आठवड्याला एक नोंद असते. गुणोत्तर ०.३ च्या आसपास म्हणजे तब्येत चांगली, ०.४ च्या वर जायला लागलं की खाणं कमी करा, ०.८ म्हणजे कोसळायच्या बेतात. मीटरच्या गॅसवर हे दिसायच्या आधी गुणोत्तरात दिसतं, म्हणून ही तपासणी मला सगळ्यात प्यारी आहे.

उष्णपक्ष

तापमान वाढवून बघा ना, ५० ते ५५ वर. आमचा तिथेच चालतो, पचन वेगाने होतं, रोगजंतू मरतात, तणाचं बी मरतं.

प्रयोगवही

उष्णपक्ष, तुमचा रिअ‍ॅक्टर त्या तापमानाला पहिल्यापासून रुळलेला आहे. इथे अमोनियाचा त्रास आधीच आहे आणि तापमान वाढलं की मुक्त अमोनियाचा हिस्सा आणखी वाढतो. पीएच ८ ला ३५ अंशावर जो १० टक्के तोच ५५ अंशावर पाव भागाच्या वर जातो. शिवाय ३८ ला जगणारी वस्ती आणि ५५ ला जगणारी वस्ती वेगवेगळी, मधला प्रवास महिन्यांचा असतो. दिवसाला एक-दोन अंशाचा हेलकावासुद्धा या जीवांना सोसत नाही.

शेणकाला

थोडं अवांतर पण नवाभिडूंसाठी लिहिते, कारण मला सुरुवातीला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मग पहिली टाकी मी स्वतःच्या हाताने आंबवली.

आत एक जीव नसतो, चार पाळ्यांचा कारखाना असतो. पहिली पाळी मोठे रेणू फोडते, सेल्युलोज, प्रथिनं, चरबी यांचे तुकडे करून पाण्यात विरघळवते. दुसरी त्या तुकड्यांची आम्लं करते. तिसरी लांब आम्लांची अ‍ॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. चौथी त्यातून मिथेन. पहिल्या दोन पाळ्यांचे जीव काही तासांत दुप्पट होतात, चौथीचे काही दिवसांनी. म्हणजे तुम्ही आज खाणं दुप्पट केलं तर आम्लवाले उद्यापर्यंत तयार, मिथेनवाले अजून उठतायत. सगळा घोटाळा या अंतरात होतो. आणि रोज जेवढं आत तेवढं बाहेर जात असल्याने मिथेनवाले वाढण्यापेक्षा वेगाने वाहून जायला लागले तर टाकी रिकामी होत नाही पण निकामी होते, म्हणून मुक्काम, म्हणजे काला आत सरासरी किती दिवस राहतो तो, साध्या ढवळणीवाल्या टाकीत २० दिवसांच्या खाली शेणाला नकोच, ३० बरा, न तापवलेल्या टाकीला त्याहून लांब.

आणखी एक, चौथ्या पाळीचे हे जीव बॅक्टेरिया नाहीतच. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आरएनएवरून दाखवलं की ही सजीवांची वेगळीच शाखा आहे, आर्किया. ऑक्सिजन त्यांना विष. मला हे वाचल्यापासून टाकीकडे बघायची नजर बदलली. दलदलीतून बुडबुडे काढणारे हेच. व्होल्टाने १७७६ मध्ये माजोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून जो जळणारा वायू बाटलीत धरला होता तो यांनीच केलेला. आणि गाईच्या पोटातही हेच, म्हणून ताज्या शेणात विरजण आपसूक असतं. कोंबडखतावर नुसता रिअ‍ॅक्टर चालू करायला गेलात तर दमायला होतं त्याचं हेही एक कारण.

नवाभिडू

ताई फार आभार, आता कळलं. म्हणजे गाईने आधीच पचवलेलं आपण परत पचवतो, मग शेणातून गॅस कमीच मिळणार ना?

शेणकाला

हो, अगदी. सोपा भाग गाईने घेतलेला असतो, उरतं ते चिवट, लिग्निनमध्ये गुंतलेलं, आणि लिग्निन ऑक्सिजनशिवाय फुटतच नाही म्हटलं तरी चालेल. ताज्या शेणाच्या किलोला ३५ ते ४० लिटर गॅस धरायचा. डुकराच्या आणि कोंबडीच्या मलातून कोरड्या सेंद्रिय भागामागे जास्त मिळतो, हे खरंच आहे, गोठ्यामागे यांना जे सांगितलं गेलं ते चुकीचं नव्हतं. पण शेणाची किंमत गॅसच्या आकड्यात नसून ते जे बाकी देतं त्यात आहे. पीएच धरून ठेवायची ताकद, सूक्ष्म द्रव्यं, म्हणजे निकेल, कोबाल्ट, लोह, आणि रोजचं ताजं विरजण. शेण हा पाया, बाकीचं थोडं थोडं वर.

गोठ्यामागे

तपासणी करून आणली, तीन दिवस लागले. एकूण अमोनिया नायट्रोजन लिटरला ३१०० मिलिग्रॅम. आम्लाचा आकडा ७४००, अल्कलीचा १२८००, म्हणजे गुणोत्तर ०.५८. प्रयोगवही, तुम्ही म्हणालात तेच निघालं. कोंबडखत कालपासून बंद केलंय.

दुसरं म्हणजे सायीचा थर. उद्या दोघेजण येणारेत, वरचं मनुष्यद्वार उघडून दुपारभर हवा खेळू देऊ आणि मग एकाला दोर बांधून आत उतरवून थर फोडून घेऊ असा विचार आहे. अर्धी टाकी उपसली की होईल.

निळीज्योत

दादा, उद्याचं काम आत्ताच रद्द करा आणि त्या दोघांना फोन करा. उरलेलं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी वर्षानुवर्षं अशा टाक्यांच्या देखभालीचं काम केलंय म्हणून सांगते. दुपारभर हवा खेळवून काही होत नाही. खाली स्लरी आहे तोवर ती गॅस सोडतच राहणार, आणि ढवळली, थर फोडला, की अडकलेला गॅस एकदम सुटतो. थर फोडायला उतरलेल्या माणसाच्या पायाखालून तो सुटणार. त्यात मिथेन आहे, तो हलका, वर जाईल, पण हवेत ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीला पेटतो. कार्बन डायऑक्साइड जड, खाली बसतो आणि प्राणवायूची जागा घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे गंधकाचा विषारी वायू, हवेहून जड आणि सगळ्यात वाईट. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते, माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला. ५०० च्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, त्याहून वर एक-दोन श्वास पुरतात. कोंबडखताने गंधकही वाढलेलं असणार तुमच्या टाकीत.

दोर बांधलेला माणूस खाली कोसळला की वरचा काय करतो माहितीय? ओढायचा प्रयत्न करतो, अरुंद दारातून बेशुद्ध देह वर येत नाही, म्हणून तो स्वतः उतरतो. मग तिसरा. असे अपघात होतात तेव्हा एका टाकीतून दोन-दोन, तीन-तीन माणसं बाहेर काढायची वेळ येते. मी एकदा नुसत्या रिकाम्या केलेल्या, कडेला फूटभर गाळ राहिलेल्या टाकीच्या दारात वाकले होते, आत पायही टाकला नव्हता. गुडघे लटपटले, डोळ्यासमोर अंधारी, मागच्याने कमरेला धरून खेचलं म्हणून आज लिहितेय. तेव्हा वास अजिबात नव्हता.

आत उतरायचंच झालं तर टाकी पूर्ण उपसलेली, गॅसची वाट तोडून बंद केलेली, पंख्याने सतत ताजी हवा आत ढकलली जात असलेली, चार वायू मोजणारं यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून तपासलेलं, बाहेर तिपाई-कप्पी आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, आणि हे काम शिकलेली माणसं. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर उतरायचं नाही. कापडी मास्क काही कामाचा नाही.

गोठ्यामागे

वाचल्या वाचल्या फोन केला, काम रद्द. खरं सांगतो ताई, अंगावर काटा आला. त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे.

निळीज्योत

बरं वाटलं. आता थर बाहेरूनच कसा हलवायचा ते बघू. निर्गम बाजूची पातळ स्लरी पंपाने उचलून वरच्या आत येणाऱ्या नळीतून परत थरावर जोरात सोडा, दिवसातून तीन-चारदा पंधरा मिनिटं. थर भिजला की बसतो. ढवळणी सलग चालवू नका, थोडी थोडी पण वारंवार. आणि थर कशाचा हे शोधा, बहुतेक उष्टा चारा, लांब काड्या. चारा कुट्टी करून घातला आणि काला आत सोडण्यापूर्वी जाळीतून काढला तर थर धरतच नाही. कोंबडखतातून पिसं येतात, तीही तरंगतात, आणि खडे-वाळू येते ती तळाला बसते, म्हणजे दोन्हीकडून टाकी लहान होत जाते. आधी एका छोट्या हौदात तासभर थांबवून वाळू खाली बसू दिली तर मोठी टाकी वाचते.

प्रयोगवही

निळीज्योतताईंच्या प्रतिसादानंतर माझं औषध किरकोळ वाटतंय, तरी लिहितो.

उपसून नव्याने सुरुवात करू नका, जे जीव या अमोनियात टिकलेत ते आता तुमचे सगळ्यात तयार कामगार आहेत. हे करा. कोंबडखत बंद, ते केलंच. शेण दोन आठवडे निम्मं, पण पाणी तेवढंच ठेवा म्हणजे काला पातळ होईल. गोमूत्र सध्या वेगळं काढा, त्यातही नायट्रोजन. तापमान ३८ वरून ३६ वर आणा पण दिवसाला अर्धा अंश या चालीने. चालू असलेल्या दुसऱ्या शेणाच्या रिअ‍ॅक्टरची स्लरी मिळाली तर दोन-चार घनमीटर आत घाला.

आणि धीर धरा, कारण गणित असं आहे. तुमचा मुक्काम ४० घनमीटर भागिले रोजचे १३०० लिटर, म्हणजे ३१ दिवस. पण ढवळणीवाल्या टाकीत ३१ दिवसांनी जुनं सगळं गेलं असं होत नाही, नवं-जुनं मिसळूनच बाहेर पडतं, म्हणून एक मुक्काम संपला तरी जुन्यातलं ३७ टक्के आतच असतं. तुमचा आधीचा अमोनिया १३०० च्या आसपास असेल असं धरलं तर वरचा १८०० चा बोजा महिन्याने साडेसहाशेवर येईल, एकूण दोन हजाराच्या जवळ. निम्म्या शेणामुळे रोजचा काला कमी झाला तर आणखी थोडा वेळ. त्याच्या आत चमत्कार दिसणार नाही आणि दिसला तर मीटर तपासा.

उष्णपक्ष

म्हणजे कोंबडखत कायमचं बाद? मला हे टोकाचं वाटतं. त्यावर चालणारे रिअ‍ॅक्टर आहेत.

प्रयोगवही

बाद नाही, तुमचं बरोबर आहे. वस्तीला अमोनियाची सवय होते, फक्त महिने द्यावे लागतात. अमोनिया वाढला की अ‍ॅसिटिक आम्ल थेट फोडणारे मागे पडतात आणि एक दुसरी जोडी पुढे येते, एक जीव अ‍ॅसिटिक आम्लाचा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, दुसरा त्यातून मिथेन. वाट लांबची आणि सावकाशीची, पण चालते. चूक कोंबडखत घालण्यात नव्हती, पहिल्या दिवसापासून १५० किलो घालण्यात होती. २० किलोने सुरू करायचं, तीन आठवडे तसंच, गुणोत्तर बघायचं, मग पुढे. आणि कोंबडखताबरोबर कार्बन जास्त असलेलं काहीतरी, बारीक केलेला पेंढा किंवा पालापाचोळा, म्हणजे तोल राहतो.

साबणपाणी

वासावरून आठवलं, गंधकाचं काय करता सगळे? शेगडीच्या जाळ्या आणि इंजिनाचं तेल दोन्ही खातो हा गॅस.

निळीज्योत

दोन उपाय माझ्या वापरातले. एक, लोखंडाच्या गंजलेल्या भुशातून गॅस नेणं, गंज गंधक धरून ठेवतो. भुसा काळा पडला की बाहेर काढून ओला ठेवून हवेत पसरायचा, परत गंजतो, पण काढताना तापतो, पेटूही शकतो, म्हणून ओलाच ठेवायचा. दुसरा, टाकीच्या गॅसच्या जागेत गॅसच्या दोन-चार टक्के हवा मोजून सोडणं, तिथे राहणारे बॅक्टेरिया सल्फाइडचं पिवळं गंधक करून भिंतीवर जमवतात. मोजून हा शब्द महत्त्वाचा, पंप गॅसच्या मीटरशी जोडलेला हवा, गॅस थांबला की हवा थांबली पाहिजे.

शेणकाला

माझा एक आग्रह. इथे सगळे गॅसचं बोलतात, बाहेर पडणाऱ्या स्लरीचं कुणी बोलत नाही. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं तिच्यात तसंच असतं, उलट नत्राचा मोठा भाग अमोनियम होऊन पिकाला लगेच मिळण्यासारखा झालेला असतो. पण तोच उघड्यावर भराभर उडूनही जातो. आणि गोठ्यामागे यांच्यासारखा अर्धवट पचलेला काला बाहेर पडत असेल तर उघड्या खड्ड्यात मिथेन सुटतच राहतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० च्या घरात. आपण हे एवढं सगळं करतो त्यातलं निम्मं कारण हा वायू हवेत जाऊ नये हेच ना? मग खड्ड्यावर झाकण हवं.

गोठ्यामागे

पाच आठवड्यांनी परत आलोय, मुद्दाम सगळे आकडे जमेपर्यंत थांबलो.

पहिले बारा दिवस काहीच हललं नाही, उलट गॅस ११ वर गेला, तेव्हा फार घाबरलो होतो आणि रात्री उठून धागा परत परत वाचायचो. तेराव्या-चौदाव्या दिवसापासून वास कमी झाला, आधी नाकालाच कळलं. मग शेण दर तीन दिवसांनी थोडं वाढवत नेलं. काल तपासणी केली, यावेळी ब्युरेट आणून घरीच, प्रयोगवहींच्या पद्धतीने. गुणोत्तर ०.३१. अमोनिया बाहेरून करून आणला, २१००. पीएच ७.६. गॅस काल २२, शेण अजून ६०० वरच आहे. सायीचा थर वरून स्लरी सोडून सोडून भिजला, मोटरचा आवाज पूर्वीसारखा झाला, टाकीचं दार एकदाही उघडलं नाही. चुलतभावाला हा धागा वाचायला दिला, त्याने निळीज्योतताईंचा प्रतिसाद कागदावर लिहून पंपाच्या खोलीत लावलाय.

कोंबडखत सध्या पेंढ्यात थर देऊन वेगळं कुजवतोय. रिअ‍ॅक्टरला पुढच्या महिन्यात २० किलोपासून बघू, तोवर ७०० किलो शेणावर स्थिर होऊ दे. खड्ड्याच्या झाकणाचं विचारायचं होतं, ताडपत्री नुसती टाकली तर चालेल का?

शेणकाला

नुसती टाकली तर अमोनिया पुष्कळ अडेल, पण मिथेन खाली साठून ताडपत्री फुगेल. गॅस धरणारा जाड पडदा कडेने पाण्याच्या चरात दाबून बसवा आणि एक नळी काढून मुख्य गॅसच्या वाटेला जोडा. तुमच्या खड्ड्याचं तोंड किती आहे ते आणि स्लरी किती दिवस साठवता ते सांगा, मग नळी कुठे काढायची ते बघू.

निळीज्योत

आणि तो पडदा बसवताना खड्ड्याच्या काठावर एकटं कुणी जायचं नाही, दोघं असा. मोजमापं टाका इथे.

गोठ्यामागे

उद्या सकाळी मोजून टाकतो. दोघं जाऊ.